पाण्यातली नावे

त्या सकाळी सर्जेबंदरच्या पाण्यात नावे वाढली, आणि गावात पेढे वाटायची तयारी सुरू झाली.

नामवाचक यंत्राच्या पडद्यावर नावे भराभर उमटत होती. रोज दुपारपर्यंत जेवढी येत, तेवढी आज न्याहारीच्या वेळेलाच येऊन गेली होती. प्रयोगशाळा म्हणजे बंदरावरचा जुना बर्फाचा कारखाना. भिंतींना अजून माशांचा वास होता, आणि डॉ. सुलक्षणा तांडेलला तो आवडायचा, कारण ती याच बंदरातली. आज मात्र पडद्यावरची ही गर्दी तिला आवडली नव्हती.

समोरच्या वायरखडप या पाण्यातल्या कातळाभोवती एकेकाळी प्रवाळांचे दाट रान होते. समुद्र तापत गेला, प्रवाळ मेले, त्यांच्या आडोशाला वाढणारी मासळी गेली आणि बंदर निम्मे ओस पडले. सरकारी अनुदान तीन वर्षांचे असते आणि प्रवाळाला उभे राहायला त्याहून जास्त काळ लागतो, हे कुठल्याही खात्याला पटवता येत नाही. शेवटी सुलक्षणाने गावातल्या तीन घरांचे दरवाजे ठोठावले: देवस्थान, चर्च आणि मशिदीची जमात. या तिन्ही घरांना शतकांच्या हिशेबाने विचार करायची सवय असते. तिघांनी मिळून सागरनिधी उभा केला. अट एकच होती. देणाऱ्याचे नाव लागले पाहिजे.

यात नवल नव्हते. देवळाच्या फरशीवर नावे, चर्चच्या बाकांवर नावे, मशिदीतल्या पंख्यांच्या पात्यांवर नावे. आपल्याकडे दानाला हात सैल सुटतो, पण त्या हातात रंगाचा ब्रशही असतो. पण प्रवाळावर नाव कोरायचे कसे? जनुकतज्ज्ञ डॉ. देवदत्त केणीने तोड काढली. प्रवाळाचा जनुकधागा चार रासायनिक अक्षरांनी लिहिलेला असतो. त्या चार अक्षरांची सांकेतिक बाराखडी करून प्रत्येक देणगीदाराचे नाव एकेका प्रवाळाच्या धाग्यात लिहायचे. या लिखाणाला त्याने ‘जनुकलेख’ असे नाव दिले. प्रवाळाच्या अंगावरून पेशी अधूनमधून गळतात. समुद्राच्या पाण्यातून त्या वेचून नामवाचक ते नाव वाचून दाखवी. गाव खूश झाले. आपली माणसे समुद्रात नांदतात, हे कोणाला आवडणार नाही?

“गो बाय, आज सत्यभामेचा नाव तीनदा इला!”

पेढ्यांचा पुडा घेऊन दाजी खोत आत आले. काजूचा कारखाना मुलाच्या हाती देऊन दाजी आता देवस्थानचे आणि सागरनिधीचे अध्यक्ष होते. गेलेल्या बायकोच्या, सत्यभामेच्या नावाने त्यांनी एक प्रवाळ लावले होते आणि दर आठवड्याला ते यंत्रासमोर खुर्ची टाकून बसत. पडद्यावर नाव येई, यंत्र ते बायकी आवाजात उच्चारी, मग दाजी चहा घेऊन घरी जात. त्यांच्यामागून फादर मिंगेल आणि जमातीचे हुसेनमियाँ मुकादमही आले. हुसेनमियाँचे बोटी दुरुस्त करण्याचे दुकान होते. हाताला ग्रीस तसेच होते.

“पेढे नंतर वाटू या, दाजीनू,” सुलक्षणा म्हणाली आणि शेजारी बसलेल्या देवदत्तकडे वळली. “देवदत्त, तुला काय वाटतं?”

देवदत्तने तापमानाचा आलेख पुढे ओढला. “ही वाढ नाही. उष्मालाट कितीतरी आठवडे हलायचं नाव घेत नाहीये. प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ बिऱ्हाड करून असतं, तेच त्याला खाऊ घालतं. उष्मा असह्य झाला की प्रवाळ ते बिऱ्हाड बाहेर काढतं, पांढरं पडतं आणि उपाशी राहतं. मग त्याचं मांस सुटायला लागतं.”

“म्हणजे पाण्यात पेशी जास्त.”

“आणि नावं जास्त,” देवदत्त हळूच म्हणाला.

दाजींचा हात पुड्यावर तसाच राहिला.

सुलक्षणाने पाणकावळा सोडला. हे तिचे बुडी मारणारे यंत्र. गावानेच त्याला हे नाव ठेवले होते. पडद्यावर खडपाचा तळ दिसू लागला. पुढची रांग पांढरी. देवळासमोरचा उतार पांढरा. चर्चच्या घंटेचा आवाज पोहोचतो म्हणून फादरनी मागून घेतलेला कोपरा पांढरा, आणि जमातीचा सपाट कातळही पांढरा. सगळीकडे हाडांचा रंग. फादर मिंगेलनी क्रॉसची खूण केली.

“थांब. मागे घे,” सुलक्षणा पाणकावळा चालवणाऱ्या देवदत्तला एकदम म्हणाली. “ते बघ.”

दोन पांढऱ्या प्रवाळांच्या मधल्या फटीत एक तपकिरी, टवटवीत प्रवाळ होते. थोडे पुढे आणखी एक. मग कडेला, कोणी मागितली नसती अशा जागी, तिसरे. जिथे बघावे तिथे पांढऱ्यांच्या गर्दीत एखादे सोनेरी तपकिरी उभे होते आणि त्याच्याभोवती लहान मासे फिरत होते.

देवदत्तने जागा ताडून पाहिल्या. “यांच्यावर नावच नाही. कोरी आहेत. लिखाण चुकलं म्हणावं तर एवढ्यांचं कसं चुकेल?”

“चुकलं नाही,” सुलक्षणा म्हणाली. “गुप्तदान.”

पेटीत नाव न लिहिता दान टाकणारे तिन्ही घरांत होते. करारानुसार प्रत्येक दानाचे एक प्रवाळ लागायचे, म्हणून त्यांचीही लावली. फक्त लिहायला नाव नव्हते. नाववाल्यांनी मोक्याच्या जागांसाठी भांडणे केली. बिननाव्यांसाठी भांडायला कोणी आले नाही, म्हणून ती उरलेल्या फटींत, कुठेही, कशीही बसवली गेली.

“सुरुवातीला मी तुलनागट मागितला होता, आठवतं?” ती म्हणाली. “काही प्रवाळ कोरे ठेवा, सगळीकडे विखरून लावा, म्हणजे लिखाणाचा काही त्रास होतो का ते कळेल. समिती म्हणाली, बिननावाच्या प्रवाळाला पैसे कोण देणार?”

“मीच म्हणालो होतो,” फादर मिंगेल म्हणाले.

“फादर, तुमच्याच पेट्यांतून तो मिळाला. एखाद्या शास्त्रज्ञाने मुद्दाम आखला असता तरी इतका चांगला पसरला नसता.”

हुसेनमियाँ पुढे सरकले. “पण डॉक्टर, नावाने काय होतं? आमच्या मशिदीतल्या पंख्यावर माझ्या अब्बांचं नाव आहे. तो काही वारा कमी देत नाही.”

देवदत्तने तापमानाचा आलेख बाजूला ठेवला. “मियाँ, ते नाव पात्यावर आहे. मी नाव मोटरच्या आतल्या तारांच्या वाइंडिंगवर लिहिलं.” मग सगळ्यांकडे वळून तो म्हणाला, “जनुकधाग्यातला एक भाग नेहमी गप्प असतो. मी त्याला मूक पट्टा म्हणायचो आणि रिकामी जागा समजून तिथे नावं लिहिली. प्रयोगशाळेत पाणी तापवूनही पाहिलं, पण चार-आठ दिवसच. तो पट्टा जागा होतो ते उष्मा आठवडेच्या आठवडे टिकला की. उष्मा सोसायची सूचना तिथेच आहे. ती मी नावं लिहून पुसली. आणि धाग्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. शंका नको म्हणून मी दोन्ही प्रतींवर लिहिलं. एक जरी कोरी सोडली असती तरी निभावलं असतं.”

यंत्र अजून नावे घेत होते. सुलक्षणाने आवाज बंद केला.

“आता उपाय काय?” फादरनी विचारले.

“येत्या पौर्णिमेनंतर ही कोरी प्रवाळं बीज सोडतील. ते सगळं गोळा करून त्यांचीच रोपं वाढवायची. रोपवाटिकेत तयार आहेत ती नावाची रोपं टाकून द्यायची. नव्यांवर नाव लिहायचं नाही. एकाचंही नाही.” तिने दाजींकडे पाहिले. “निधी नव्याने उभा करावा लागेल आणि त्या बदल्यात लोकांना काहीच मिळणार नाही. तुम्ही तिघं नाही म्हणालात तर खडप यंदा संपलं. मी वेगळं काही सांगू शकत नाही.”

दाजी बराच वेळ पेढ्यांच्या पुड्याची सुतळी बोटाला गुंडाळत होते.

“सत्यभामेचा प्रवाळ?”

“पांढरं पडलंय, दाजीनू.”

“म्हणजे सकाळी मी खूश झालंय, तेव्हा ती विरघळत होती.”

सुलक्षणाचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत.

“एक सांगू?” दाजी म्हणाले. “जिती होती तवसर मी तिका कधी नावान हाक मारूक नाय. आमच्या येळेक तशी रीतच नव्हती. ‘अगो’ म्हटला की ती भायर येय. तिचा नाव मोठ्यान आयकलंय ता ह्या यंत्राच्या तोंडातसून. बरा वाटला, खोटा कित्या बोलू? पण ती त्या नावात नव्हती.” ते उठले. “फादर, मियाँ, ठराव लिवा. ह्याच्या फुडे सगळा गुप्तदान. नाव असलेला एक पण प्रवाळ ह्या समुद्रात ठेवचा नाय. पयला माझ्या बायलेचा काढा.”

हुसेनमियाँनी ग्रीसचा हात पुसला आणि सही केली. फादरनी त्याखाली केली.

देवदत्तला वाटले होते की देणारे आता पाठ फिरवतील. तसे झाले नाही. कुरकूर झाली. एकाने तर रागावून आपले दान परत नेले आणि पुढच्याच आठवड्यात ते गुपचूप पेटीत टाकले म्हणतात. दान गुप्त असल्यामुळे खात्री करता आली नाही. बीज गोळा झाले, रोपे वाढली, आणि खडपाच्या उतारावर कोणाचीही जागा न ठरवता लावली गेली. नामवाचक चालू राहिला, पण पडदा कोराच असे. दाजी सवयीने येत, कोऱ्या पडद्यासमोर चहा घेत आणि समाधानाने घरी जात.

काही वर्षांनी दुसरी उष्मालाट आली. पहिलीपेक्षा लांब आणि पहिलीपेक्षा कडक. सगळ्या किनाऱ्याने श्वास रोखला. लाट ओसरल्यावर पाणकावळा खाली गेला, तेव्हा खडप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपकिरी सोन्याने झळकत होते, आणि माशांच्या गर्दीत यंत्राला वाट सापडेना. बंदरावर देवळाचा ढोल, चर्चची घंटा आणि हुसेनमियाँच्या दुरुस्त बोटींचे भोंगे एकदमच वाजले. देवदत्त हसतही होता आणि नाकही पुसत होता.

प्रवाळ कुठवर पसरले ते पाहायला सुलक्षणाने बाहेरच्या कातळांजवळचे पाणी आणवले. तिथे कोणी कधी एकही रोप लावले नव्हते. तिने ते नामवाचकाला दिले आणि ती चहा ओतायला वळली.

“सत्यभामा,” यंत्र म्हणाले.

दाजींचा कप बशीवर आपटला.

देवदत्तने धागा पुन्हा पुन्हा वाचला. पाणकावळ्याने चित्र पाठवले: जेवणाच्या टेबलापेक्षा मोठे, टवटवीत, तपकिरी प्रवाळ. “पहिल्या लाटेच्या आदल्या वर्षी नावाच्या प्रवाळांनी एकदा बीज सोडलं होतं,” तो म्हणाला. “तेव्हा वाहत बाहेर गेलं असणार. पण दाजी, आपला ठराव आहे. नाव असलेलं प्रवाळ काढायचं.”

“थांब,” सुलक्षणा म्हणाली. “दोन्ही प्रतींवर नाव असतं तर ते एवढं मोठं झालंच नसतं. दोन्ही लाटांत जगलंय, म्हणजे एक प्रत कोरी आहेच. त्या वर्षी कोरी प्रत कोणाकडे होती? गुप्तदानाच्या प्रवाळांकडे. अर्धी सत्यभामा, अर्धं बिननावाचं.”

“ता बिननावाचा कोणाचा?” दाजींनी विचारले. “देवळातला, चर्चातला का मशिदीतला?”

“ते कधीच कळणार नाही, दाजीनू.”

दाजी पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

“म्हणजे माका न इचारता परक्या घरात जावन संसार मांडल्यान! ठराव माझो, मीच बदलतंय. नावाच्या जोडीक बिननावाचा कोणतरी आसा, तर रवांदे तिका थंय, काढू नको.”

ते दारापर्यंत गेले आणि वळले.

“आणि ह्या यंत्राक सांग, तिका सारखी नावान हाक मारू नको. कामात आसा ती.”