बोटभर सैल बाही

"लग्नाला लुगडं नको, बाय! त्या दिवशी तू हा गाऊन घाल..."

रुडॉल्फने खोका उघडून आकाशी रंगाचा झुळझुळीत गाऊन थोरल्या बहिणीपुढे धरला, आणि आयडाच्या हातातलं शिवणयंत्राचं चाक जागच्या जागी थांबलं.

"वांद्र्याची माणसं येणार. विल्माच्या घरच्या बायका सगळ्या गाऊनवाल्या. त्यांच्यात तू लाल लुगड्याचा काष्टा मारून उभी राहिलीस तर..."

"तर तुना लाज वाटंल," आयडाने त्याचं वाक्य पुरं केलं आणि चाक पुन्हा फिरवलं. "गाऊन ठेव तिथं. रंग चांगला हाय. पण मी लुगडंच नेसणार."

अंतःकरणात चर्र झालं, पण आयडा पदर तोंडाला लावून रडणाऱ्यांतली नव्हती. उत्तन गावातला प्रत्येक नवरामुलगा तिच्या हातचा कोट घालून देवळाची, म्हणजे गावच्या चर्चची, पायरी चढायचा. कोणाच्या खांद्याला पोक आहे, कोणाचा उजवा हात वल्हं मारून मारून लांब झालाय, हे तिला पाठ होतं, आणि त्या पोक आलेल्या खांद्यांना ती असं काही झाकायची की लग्नाच्या दिवशी नवऱ्याची आईसुद्धा चकित व्हायची! मग तिने कोणासमोर मान का खाली घालावी?

रुडॉल्फ मुंबईच्या कोट भागातल्या एका घड्याळांच्या दुकानात विक्रेता होता. सुटीला घरी आला की पडवीत बसून तो बहिणीला दुकानातले कायदे ऐकवी. कामावर पोलादी घड्याळ. काळी तबकडी, रेडियमचे आकडे, जाड चामडी पट्टा. समारंभाला सोन्याचं, पातळ, बाहीखालून हळूच डोकावणारं. खाकी कपड्यांवर सोन्याचं घड्याळ मिरवणारा आणि काळ्या सुटावर पोलादी बांधणारा, दोघेही सारखेच अडाणी! आयडा टाके घालता घालता सगळं ऐके, हसे, आणि लक्षात ठेवी. लग्न ठरल्यावर त्याने स्वतःसाठी सोन्याचं घड्याळ घेतलं आणि वापरून झिजलेलं पोलादी तिला दिलं. तिने ते यंत्राच्या मानेला बांधून टाकलं.

या रुडॉल्फसाठी तिने काय सोडलं होतं, हे गावाला ठाऊक होतं. एकट्या रुडॉल्फला तेवढं कधी नीट उमगलं नव्हतं. तो पाच वर्षांचा असताना आई गेली. आयडा तेव्हा अठराची. शेजारच्या डोंगरी गावच्या फ्रँकशी तिचं लग्न ठरलेलं. त्यांच्या रीतीप्रमाणे नवऱ्याच्या कोटाचं कापड मुलीच्या बापाने द्यायचं, म्हणून तिच्या बापाने, म्हाताऱ्या इनासने, तेव्हा तो म्हातारा नव्हता, गडद निळ्या सर्जचं उंची कापड आणून ठेवलं होतं. पण फ्रँक म्हणाला, "पोराला मावशीकडं ठेव." आणि पोर तर रात्रंदिवस तिच्या लुगड्याचा सोगा मुठीत धरून! आयडाने फ्रँकला मोकळं केलं. कापड मात्र ट्रंकेत राहिलं, कापराच्या वड्यांसोबत, वीस वर्षं...

ते कापड तिने या पावसाळ्यात बाहेर काढलं. रुडॉल्फला मापासाठी उभं करायची गरज काय? दर आठवड्याला त्याचे कपडे धुवायला यायचे. त्यांच्या झिजेवरून, चुण्यांवरून तिने माप घेतलं आणि कोट, विजार, सोबत पांढरा सदरा असं सगळं शिवून तयार ठेवलं. आणि त्याच संध्याकाळी, गाऊन दाखवून झाल्यावर, रुडॉल्फने दुसरा खोका उघडला. आत मुंबईच्या शिंप्याचा काळा सूट होता.

"कसा आहे, बाय?"

आयडाने कापड चिमटीत धरलं, शिवण उलटून पाहिली. खोटं बोलणं तिच्या धंद्यात बसत नव्हतं.

"झकास हाय," ती म्हणाली. मग ती माजघरात गेली, ट्रंकेला कुलूप लावलं, आणि अंधारात क्षणभर त्या थंड पत्र्यावर कपाळ टेकून उभी राहिली. हे देवा, एवढी माया लावायची तर ती दिसायचे डोळेही द्यायचे होतेस ना त्याला!

लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी. वाजतगाजत विहिरीवर जायचं, बायकांनी कळशा भरून आणायच्या, नवऱ्याला मांडवात पाटावर बसवायचं आणि बापाने पहिली कळशी डोक्यावर ओतायची. मग सगळ्या गोताने तुटून पडायचं! त्या वेळी नवऱ्याने जुनेपाने कपडे घालायचे, हे काय कोणी सांगायला हवं? पण रुडॉल्फ बाहेर आला तो नखशिखान्त काळ्या सुटात, मनगटावर सोनं लखलखत.

"अरं, ते कपरे काढ! आज पाणी हाय!" आयडा ओरडली.

"विल्माचे मामा आलेत वांद्र्याहून. आणि आता कोणी भिजवत नाही, बाय. वांद्र्याला नुसते चार थेंब शिंपडतात."

वांद्र्याला शिंपडत असतील. उत्तनच्या इनासला ते कोणी कळवलं नव्हतं! वीस वर्षांनी घरात मंगल कार्य, हर्षाने धुंद झालेला तो दर्यावर्दी बाप, दोन्ही हातांनी कळशी उचलून त्याने ती सबंध लेकाच्या डोक्यावर उपडी केली. "माझे पोरा!" म्हणून तो हुंदका देतो न देतो तोच मागून दहा कळशा, वीस कळशा... बाजावाल्यांनी सूर चढवला, पोरींनी हळद-चिखलाचे हात पाठीवर थापले, आणि मुंबईचा सूट मांडवातल्या शेणामातीत बसकण मारलेल्या नवऱ्यासकट माखून निघाला.

दिवेलागणीला रुडॉल्फ माजघरात ओल्या अंगाने बसला होता. लोकरी कापड आखडून बाह्या कोपराकडे चढल्या होत्या. सोन्याच्या घड्याळाच्या काचेआड बाष्प धरलं होतं आणि काटे निश्चल झाले होते.

"लोकांना शिकवतो मी... कुठं काय घालावं ते!" तो पुटपुटला, आणि एकाएकी त्याचा मुंबईचा बाणा गळून पडला. "बाय, मी उद्या कया घालू? सांग ना, मी कया घालू?"

पाच वर्षांचा असताना तो याच सुरात विचारायचा. आयडाच्या जिवाचं पाणी पाणी झालं. तिने कमरेची किल्ली काढून ट्रंक उघडली.

निळा कोट दिव्याच्या उजेडात आला. रुडॉल्फने हात पुढे केला आणि मधेच थांबवला. लहानपणी याच ट्रंकेवर चढून तो खेळायचा. झाकण उघडलं की वर हेच कापड असायचं, आणि एकदा त्याला हात लावला म्हणून बाने त्याला चोपलं होतं.

"बाय... हे फ्रँकचं कापड!"

"नवऱ्यासाठी आणलेलं होतं," आयडा शांतपणे म्हणाली. "नवऱ्यालाच जातंय."

"तू हे कापलंस? माझ्यासाठी? आणि मी तुना म्हणालो, लुगडं..." त्याने तिचे पाय धरले, आणि ती, जिने वीस वर्षांत कोणाला डोळ्यांतलं पाणी दाखवलं नव्हतं, ती त्याच्या ओल्या केसांवर गाल टेकून मनसोक्त रडली.

"पुरं," मग तीच म्हणाली. "अंग पूस. सर्दी झाली तर उद्या देवळात शिंकशील."

सकाळी रुडॉल्फने सदरा घातला. कोट अंगात गेला तो जणू कातडीच! मनगट मात्र मोकळं होतं. आयडाने यंत्राच्या मानेचं पोलादी घड्याळ सोडलं आणि त्याच्या हाताला बांधलं.

"निळ्या सुटावर पोलादी," ती हसली. "तुझा कायदा मोडला."

"मोडू दे!" म्हणत त्याने सदऱ्याच्या बाहीचं बटण लावलं, आणि चकित होऊन थबकला. जाडजूड घड्याळावरून डावी मनगटपट्टी सहज बसली होती. कुठं ताण नाही, चुणी नाही. त्याने उजवी पाहिली. ती डावीपेक्षा बोटभर घट्ट होती. म्हणजे मुद्दामच... त्याच्या अखंड बडबडीतलं एकेक अक्षर ऐकून, सोन्याचं घेण्याआधी हेच घड्याळ त्याच्या मनगटावर असताना, हे माप कोणीतरी डोळ्यांनी घेऊन ठेवलं होतं. कोनाड्यातला गाऊनचा खोका त्याने उचलला, बंद केला, आणि तिचं लाल चौकड्यांचं लुगडं स्वतःच्या हाताने तिच्यापुढे ठेवलं.

देवळाच्या पायरीपर्यंत नवऱ्याच्या उजवीकडे बाप होता. डावीकडे, लाल लुगड्याचा काष्टा मारून, ताठ मानेने आयडा. वांद्र्याच्या बायका वळून वळून बघत होत्या, बघोत!

"काय सुंदर कोट आहे!" विल्माची मावशी पुढे येऊन म्हणाली. "मुंबईत कुठं शिवला?"

रुडॉल्फने सगळ्या गोतासमोर डावा हात उंच धरला, बाही आणि पोलादी घड्याळ लख्ख दिसेल असा.

"मुंबईत न्हाय. माझे बायने शिवलाय. ही बाही बघा, माझं घड्याळ बसावं म्हणून तिनं एक बोट सैल ठेवली. मी सांगितलं पण नव्हतं! आई गेली तवापासून माझं सगळं माप हिच्याजवळ हाय."

मावशी आयडाकडे वळली. आयडाचे डोळे भरून वाहत होते, पण हात आधीच त्याच्या कोटाची कॉलर सारखी करायला गेला होता.

"हात खाली कर," ती म्हणाली. "चुण्या पडतील."