बोला… ऐकत आहे

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ज्याच्यावर हे गुदरलं तो माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि खोटं बोलून त्याच्या पदरात काही पडणार नाही.

वेळ मध्यरात्रीची वगैरे नव्हती. मंगळवारची दुपार, तीनचा सुमार. जागा म्हणजे त्याच्या घरातली आतली खोली. त्याची आई, म्हणजे माझी मावशी, चार महिने तिथे पडून होती आणि तिथेच गेली.

त्याला सगळे धाकटा म्हणतात. व्हिडिओंखाली ज्या मराठी ओळी येतात, त्या लिहिणं हे त्याचं काम. टाइप करून बोटं धरली, तेव्हापासून तो नुसता बोलायचा आणि लॅपटॉप लिहायचा. मावशी गेल्यावर त्याने टेबल तिच्या खोलीत नेलं. बायको नोकरीला, घर शांत, काम बरं होईल, असं तो सांगायचा.

खरं कारण वेगळं होतं.

अर्धांगाचा झटका आल्यापासून मावशीची वाचा गेली होती. तोंडातून एकच अक्षर निघायचं. दा… दा… दा…

सगळ्यांनी एकच अर्थ काढला. थोरला परदेशात आहे, आई दादाला हाक मारतेय. औषध द्यायचं धाकट्याने, कूस बदलायची धाकट्याने, आणि नाव दादाचं! दादा आला, तिचा हात धरून बसला. तरी ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणतच राहिली… दा… दा…

"शेवटपर्यंत मलाच हाक मारत होती रे," दादा दर रविवारी फोनवर म्हणायचा.

"हो दादा," एवढंच धाकटा बोलायचा. आईने एकदा तरी आपलं नाव घ्यायला हवं होतं, हे तो कुणाला सांगणार? या एका गोष्टीने त्याला आतून पोखरलं होतं, म्हणूनच तो तिच्या खोलीत जाऊन बसायचा. जेवण तुटलं होतं, झोप उडाली होती.

तर त्या दुपारी तो बोलता बोलता थांबला. पाणी प्यायला.

पडद्यावर नेहमीची ओळ होती. बोला… ऐकत आहे.

तो काहीच बोलला नाही.

आणि तरी अक्षरं उमटली…

दार

त्याने खोडलं. खोकला आला तरी 'खोका' लिहिणारं यंत्र ते, त्याचं काय मनावर घ्यायचं!

पुन्हा उमटलं…

दार लाव

त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. दादा नव्हे. दार! चार महिने ती दार लाव म्हणत होती. आणि हवा खेळती राहावी म्हणून ते दार दिवसरात्र उघडं ठेवणारा हाच.

तो रडला. आधी आनंदानेच रडला हो. ती हाक दादाला नव्हतीच!

मग त्याच्या लक्षात आलं… दार त्याच्या पाठीमागे आहे. आणि ते आत्ताही उघडं आहे.

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. फ्रिजची घरघर नाही. रस्त्यावरची वाहनं नाहीत.

फक्त मागे, उंबरठ्याशी… कुणीतरी श्वास घेत होतं.

वळून बघायची हिंमत नव्हती. भिंत चाचपत, उलट्या पावली जाऊन त्याने दार ढकललं. कडी लावली.

पंख्याचा आवाज परत आला. पडद्यावर 'बोला… ऐकत आहे'. बस.

"आई, बोल ना. एकदाच बोल." संध्याकाळपर्यंत तो विनवत राहिला. यंत्राने त्याचेच शब्द लिहिले. आई बोल ना, आई बोल ना, पानभर तेच.

मी असतो तर ते घर सोडलं असतं. त्याने काय करावं? दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्याने दार उघडलं.

दार लाव

गुरुवारी त्याने जास्त वेळ कळ काढली. शुक्रवारी त्याहून जास्त. तोवर श्वास खुर्चीपर्यंत आला होता.

शनिवारी वहिनीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला. "भाऊजी, तुम्ही तरी समजवा. माझं ऐकेनासे झालेत. डोळे बघवत नाहीत हो त्यांचे."

मी गेलो. तो त्याच खोलीत बसला होता. दार सताड उघडं. समजावलं, ओरडलो, अक्षरशः हात जोडले. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

गुंडा दार लाव

आणि त्याच्याखाली, चूक सुधारावी तसं…

गुंड्या दार लाव

"गुंड्या फक्त आई म्हणायची," तो म्हणाला. "मी अगदी लहान असताना. दादालाही माहीत नाही."

"अरे, मग ती सांगतेय ते ऐक ना! लाव दार!"

"दार लावलं की ती गप्प होते." त्याचा आवाज फाटला. "आयुष्यात पहिल्यांदा ती मला एवढ्या जिवाच्या आकांताने हाक मारतेय. तूच सांग, कसं लावू?"

या गोष्टीला आता महिना होईल. त्याचा फोन लागतो, तो उचलतो, पण बोलत नाही.

त्या दिवशी मी निघालो. बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती, त्याच दारातून जायचं होतं. दार चांगलं रुंद आहे, मध्ये काहीही नव्हतं.

तरी मी अंग चोरून, चौकटीला घासत बाहेर पडलो. का, ते मला विचारू नका.