डब्यावरची आत्या

"मी माझ्या बहिणीला मारलंय," फोनवरची बाई म्हणाली. "बिस्किटांनी. तुम्ही या."

नाताळच्या दिवशी दुपारी चार वाजता असा फोन आला की कुणीतरी थट्टा करतंय असंच वाटतं. इन्स्पेक्टरबाईंनाही तसंच वाटलं. पण मागून एका पुरुषाचा आवाज आला, "ताई, ठेव तो फोन, तुला काही कळत नाही," आणि त्यांनी गाडीची किल्ली उचलली. सात वर्षांत एकही नाताळ त्यांना धड घरी मिळाला नव्हता. त्यामुळे त्या दिवशी त्यांच्यापाशी कुणासाठी माया शिल्लक नव्हती, आणि तेच बरं झालं.

बैठकीत नाताळचं झाड होतं. त्यावरचे दिवे लुकलुकत होते, ते बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. झाडाशेजारी गालिच्यावर धाकटी बहीण पडली होती. चादर अंगावर नीट ओढलेली होती, पण एक पाय बाहेर राहिला होता.

"बदाम," रुग्णवाहिकेचा डॉक्टर हळूच म्हणाला. "ॲलर्जी होती. घसा सुजला, श्वास बंद. इंजेक्शन वेळेवर मिळतं तर वाचल्या असत्या."

"नव्हतं इंजेक्शन?"

"होतं. पर्समध्ये. पर्स वरच्या खोलीत कोटांच्या ढिगाखाली सापडली, आम्ही आल्यावर."

घरात आता तीनच माणसं उरली होती. थोरली बहीण, सगळ्यांची ताई, वय एकाहत्तर, घर तिचं. मधला भाऊ. आणि त्याची बायको, म्हणजे वहिनी. ताई खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि भाऊ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता.

"तू मुद्दाम नाही केलंस गं," तो सारखा म्हणत होता. "तुझ्या लक्षात राहत नाही आता. तुझी चूक नाही."

दर वेळी तो असं म्हणाला की ताई थोड्या आणखी लहान होत होत्या. इन्स्पेक्टरबाईंनी हे पाहिलं आणि त्यांना तो सांत्वनाचा हात अजिबात आवडला नाही.

"तुम्ही जरा बाजूला बसा," त्या भावाला म्हणाल्या. "ताई, बिस्किटं कशी केलीत ते सांगा."

"धाकटीची आधी करते. तिचा डबा बंद झाल्याशिवाय बदामाची पूड घरात उघडत नाही. चाळीस वर्षं हेच." ताईंचा आवाज खरवडल्यासारखा येत होता. "यंदाही तसंच केलं, असं मला वाटतं. वाटतं म्हणजे... आता कशाचाच भरवसा वाटत नाही, बाई."

"डबे किती?"

"तीन. सारखेच. वर चिठ्ठी चिकटवते. मावशी, मामा, मामी."

"मावशी? पण त्या तर तुमच्या बहीण."

"माझ्या मुलाची मावशी." ताईंनी क्षणभर डोळे मिटले. "अकरा वर्षांचा असताना गेला तो. शेवटच्या नाताळात डब्यांवर चिठ्ठ्या त्यानंच लिहिल्या होत्या. त्यानंतर मी त्याच्याच तोंडचं लिहिते. माझ्या हातून दुसरं काही लिहिलंच जात नाही."

"आणि आज?"

"आज लिहिलं गेलं. डबा उघडताना धाकटी हसली. म्हणाली, ताई, आज मी आत्या कशी झाले गं? मी बघितलं तर खरंच 'आत्या'. अक्षर माझंच. तेवढ्यात हा म्हणाला, बघा, म्हणत होतो ना, ताईचं डोकं चालत नाही. आम्ही सगळे हसलो. मीही हसले. आणि तिनं बिस्किट खाल्लं."

डबा मेजावर होता. जाड पेनानं, गोल वळणदार अक्षरात 'आत्या'. इन्स्पेक्टरबाईंनी चिठ्ठीचा कोपरा नखानं उचलला. खाली जुन्या चिठ्ठीचा फाटका तुकडा डब्याला चिकटून राहिला होता. त्यावर एकच अक्षर होतं, 'मा'.

बाईंनी चिठ्ठी परत दाबून बसवली आणि कुणाला काही सांगितलं नाही. त्या भावाला घेऊन जेवणाच्या खोलीत गेल्या.

"काम काय करता?"

"ड्राफ्ट्समन आहे. इमारतींचे नकाशे काढतो."

"बहिणीला बदाम चालत नाही, हे कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना. आत्याला लहानपणापासून चालत नाही."

"तुमच्या आत्याला?"

"नाही हो, धाकटीला. माझी मुलगी तिला आत्या म्हणते ना, म्हणून तिच्याशी बोलताना मीही आत्याच म्हणतो. मुलगी शिकायला परदेशी आहे, आज आली नाही."

"डबे कुठं होते?"

"सकाळपासून इथंच, या कपाटावर. आम्ही दहाला आलो. बायका स्वयंपाकघरात होत्या."

"तुमचा डबा कुठाय?"

"खाल्ली मी बिस्किटं. डबा धुऊनही ठेवला."

"ताईंचं काय करायचं ठरवलंय?"

त्यानं सुस्कारा सोडला. छान, मोजून मापून सोडलेला. "आता पर्याय उरला नाही. वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. मी कधीचा सांगत होतो. धाकटी आश्रमाच्या कागदांवर सही करायला तयार नव्हती. म्हणायची, ताई ठणठणीत आहे. बघा आता."

स्वयंपाकघरात ओट्यावर एक डबा उपडा घातलेला होता, स्वच्छ, चिठ्ठी धुऊन गेलेली. वहिनी त्याच्याकडे बघत उभ्या होत्या.

"तुमचा डबा?"

"हा घ्या." 'मामी' लिहिलेला डबा गच्च भरलेला होता. "मी नंतर खाते. वन्सं गेल्यावर घशाखाली काही उतरेना."

"यजमानांनी मात्र सगळी खाल्ली."

"यांनी?" वहिनींनी भुवया उंचावल्या. "साखर बंद आहे यांची. दर वर्षी यांचा डबा मीच संपवते."

"बाहेर कुणाला दिली असतील? नाताळची गाणी म्हणत फिरणारे वगैरे?"

"यंदा दारात कुणी फिरकलंच नाही."

"पर्स वर कोणी नेली?"

वहिनी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "सव्वीस वर्षांत जेवलेलं ताट उचललं नाही या माणसानं. आज वन्संची पर्स उचलून वर नेली. मला वाटलं, सण आहे म्हणून शहाणपण सुचलं असेल."

"आणि त्या गुदमरल्या तेव्हा?"

"हेच ओरडले, पर्स गाडीत आहे म्हणून. आम्ही दोघी गाडीकडे धावलो. गाडीत काही नव्हतं." बोलता बोलता त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. "बाई, यांनी आश्रमातली खोली उद्यापासून घेतलीय. मागच्या महिन्यातच. मी विचारलं, वन्सं सही देणार नाहीत, मग कशाला? म्हणाले, देईल."

हवालदारानं मागल्या दारची कचऱ्याची बादली पालथी केली. सालींच्या खाली कागदात गुंडाळलेली बारा बिस्किटं निघाली. एकालाही दात लागलेला नव्हता.

सगळे पुन्हा बैठकीत आले. धाकटीला एव्हाना नेलं होतं. गालिच्यावर चादरीच्या जागी नुसती सुरकुती उरली होती. इन्स्पेक्टरबाईंनी एक बिस्किट ताईंच्या हातावर ठेवलं.

"हे कुणाचं?"

ताईंनी ते उलटं करून पाहिलं. "धाकटीचं," त्या लगेच म्हणाल्या. "पूड नसली की लोणी जास्त घालावं लागतं. मग कडा अशा लाल होतात. पण हे..." त्या अडखळल्या. "म्हणजे मी बरोबर केली होती?"

"बरोबर केली होती. डबाही बरोबर भरला होता. चिठ्ठीही 'मावशी' अशीच लिहिली होती." बाई भावाकडे वळल्या. "तुमचा बदामाचा डबा तुम्ही बहिणीचा केलात. 'मामा'ची चिठ्ठी ओढली, ती फाटली आणि 'मा' तेवढा खाली राहिला. त्यावर नवी चिठ्ठी लावावी लागली. तिचा खरा डबा तुम्ही रिकामा केलात, धुतलात, आणि बिस्किटं खाल्ली म्हणून सांगितलंत. पर्स वर पुरून ठेवलीत आणि दोन बायकांना गाडीकडे पळवलंत."

"कशावरून? अक्षर ताईचं आहे. कुणालाही दाखवा."

"हुबेहूब आहे. आयुष्यभर नकाशांवर अक्षरं काढलीत तुम्ही. अक्षर उचललंत ताईंचं, पण शब्द तुमच्या घरचा पडला. म्हातारपणी माणूस काल काय जेवला ते विसरतो. मेलेल्या मुलाच्या तोंडचा शब्द आई विसरत नाही. या घरात 'आत्या' म्हणणारं एकच तोंड आहे. वहिनी 'वन्सं' म्हणतात."

भाऊ दाराकडे बघू लागला.

"चिठ्ठीवर शब्द चुकला, पण ती चूकही तुम्हाला सोयीचीच पडली," बाई म्हणाल्या. "लगेच हसलात ताईंना. बहीण मेली की सही अडवणारं कुणी नाही, आणि तिला ताईंनीच मारलं म्हटलं की ताईही उद्या आश्रमात. घर तुम्हाला मोकळं. एकीचा जीव घेतलात आणि दुसरीला जिवंतपणी पटवत बसलात की तो तिनंच घेतला. मी बरेच खुनी पाहिलेत. मयताशेजारी बसून असं पाठीवरून हात फिरवणारा पहिलाच."

हवालदार पुढं झाला. ताई खुर्चीतून उठल्या.

"बाई, मी फोनवर कबूल केलं, ते लिहून घेतलंत ना?"

"घेतलं."

"मग तेच ठेवा. माझं डोकं चालत नाही, सगळे म्हणतात. मला न्या कुठंही. एक तर गेली. याला मी माझ्या हातानं भरवून वाढवलाय, हा तरी राहू दे."

भावानं झटकन मान वर केली. "ऐका," तो म्हणाला. "ती स्वतः सांगतेय ना."

त्या दोन वाक्यांनी ताईंचं जे झालं, ते विषानंही झालं नसतं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. वहिनींनी तोंडात पदराचा बोळा कोंबला.

"जमणार नाही, ताई," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. त्यांना आवाज मऊ करता आला असता, पण त्यांनी केला नाही. "तुमचं डोकं शाबूत आहे, हाच तर माझा पुरावा. ही बिस्किटं धाकटीची, हे ओळखणारं जगात दुसरं कुणी नाही. कोर्टात उभं राहून ते तुम्हालाच सांगावं लागेल. याच्यासमोर."

हवालदारानं भावाला दारापर्यंत नेलं. तिथून तो वळून म्हणाला, "ताई, तू असं करणार नाहीस. तुला आठवणारसुद्धा नाही."

ताईंनी हातातलं बिस्किट पुराव्याच्या पिशवीत अलगद ठेवलं.

"साक्ष कधी असते?" त्यांनी विचारलं.

"तारखेचं पत्र येईल."

"माझ्या लक्षात राहील," ताई म्हणाल्या.