‘जाते’ म्हणायचं राहिलं

आपल्यात निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. माझ्या गाडीत मात्र उलटा कायदा. गाडी संस्थेची. चाकणच्या गोरगरीब कॅन्सर पेशंटना शेक घ्यायला पिंपरीला फुकट न्यायचं आणि दुपारी घरी सोडायचं. शेक म्हणजे रेडिएशन. शेवटचा शेक झाला की उतरताना ‘जाते’ म्हणायचं, कारण पुन्हा या गाडीत यायचंच कशाला? कायदा माझाच. मी मोशीचा सयाजी, गाडीचा ड्रायव्हर, डोकं जरा तिरकंच.

यशोदाबाई बीडकडच्या, मुलगा चाकणला कंपनीत. मधल्या सीटवर खिडकीशी बसायच्या. कुणाला मळमळलं की पदराची गाठ सोडून चिमूटभर ओवा त्याच्या हातावर ठेवायच्या. माझी तंबाखू त्यांना फार खुपायची.

"सयाजीभाऊ, त्या पुडीच्या जागी माझा ओवा ठेवा. अन् जिभेवरचा तो फोड दाखवा एकदा डॉक्टरला."

"व्हय, दावतो की," मी म्हणायचो. दाखवला नाही.

तिसावा शेक झाला त्या दिवशी यशोदाबाई मुलाच्या चाळीपाशी उतरल्या आणि सवयीनं म्हणाल्या, "येते हं." सगळी गाडी हसली. मी हाक मारली, "अवो, जाते म्हणा." तोवर त्या गल्लीत वळल्या होत्या. दोन महिन्यांनी गावाकडे वारल्या.

मग दिव्या आली. बावीस वर्षांची, एका कंपनीत पॅकिंगला, खोली करून एकटीच राहणारी. दहाव्या शेकानंतर उतरता उतरता म्हणाली, "दादा, उद्यापासून माझ्यासाठी थांबू नका. थुंकी गिळतानाही जीव जातो. बास झालं." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नाक्यावर उभी होती.

"त्या मावशींनी हात धरला काल. म्हणाल्या, वीसच राहिलेत, लेकरा."

"कंच्या मावशी?"

"खिडकीशी बसतात त्या. रोज तर असतात."

खिडकीची सीट रिकामी होती. पिंपरीला सगळे उतरल्यावर मी त्या सीटवर हात ठेवून पाहिला. रेक्झिन कोमट लागलं. उन्हानं असेल, म्हटलं. पण ऊन पलीकडच्या बाजूला होतं.

मी कुणाला बोललो नाही. गाडीला ओव्याचा वास येऊ लागला. चाळीपाशी मी उगाच मिनिटभर थांबू लागलो. भ्यायला हवं होतं, पण खरं सांगतो, बरं वाटायचं. पोरगी रोज येत होती.

तिसावा शेक झाला. दिव्या उतरली.

"जाते, दादा." मग खिडकीकडे बघून हळूच, "मावशी, जाते."

माझे डोळे भरून आले. गाडी रिकामी झाल्यावर मी आरशात बघून म्हणालो, "यशोदाबाई, पोरीचं झालं. आता तुमी बी जाते म्हणा."

मी मागं खिडकीपाशी गेलो.

सीटला हात लावला. गार होती. सुटल्या बिचाऱ्या, असं वाटलं.

मोशीला गाडी लावली. जीभ ठणकत होती. तंबाखूसाठी खिशात हात घातला.

पुडी नव्हती.

चिमूटभर ओवा होता, कुणीतरी मुठीत धरून ठेवल्यासारखा कोमट.