मोतीबाईचा दोर

आधीच सांगतो, ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खाली हसायचे इमोजी टाकत बसण्यापेक्षा सरळ पुढची पोस्ट वाचावी. मला वाद घालायचा नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ज्याच्या बाबतीत घडलं तो माझ्या बायकोचा एकुलता एक भाऊ होता.

'होता' असं मी इथे लिहितो. घरात बायकोसमोर, हर्षलासमोर, हा शब्द काढायची माझी हिंमत नाही.

माझं नाव रोहिदास. रसायनीतल्या एका कारखान्यात शिफ्टला आहे, मोहोपाड्याला कॉलनीत राहतो. पक्षी बघण्याचं वेड मला पंधरा वर्षांपासून. माझ्यामुळे ते धनेशला लागलं. हर्षलाचा हा धाकटा भाऊ शेलूला राहायचा, सत्तावीस वर्षांचा. धनेश हे एका पक्ष्याचंही नाव आहे. "आईबापानं नावच असं ठेवलं, मी काय करणार भावजी," म्हणायचा आणि रविवारी पहाटे पाचला बाईक घेऊन दारात हजर.

जागा खालापूर तालुक्यात आहे. डोंगराच्या पायथ्याचा एक जुना पाझर तलाव. नाव सांगणार नाही. सांगितलं की उद्या चार पोरं तिथे रील काढायला जातील.

तारीख मात्र सांगतो. गेल्या वर्षी दसऱ्यानंतरचा दुसरा रविवार. सकाळचे सव्वासहा.

हो, सकाळचे. रात्र वगैरे काही नव्हती. चांगलं उजाडलं होतं.

त्या तलावाचं अर्धं पाणी गाळानं भरून गेलंय. तिथे पाणकणसाचं दाट रान माजलंय, पुरुषभर उंच. ऑक्टोबरात बाहेरून येणारे पक्षी त्यातच दडून बसतात. काठावरून काही दिसत नाही. म्हणून आमची एक पद्धत होती. एकानं आत शिरून चालायचं, म्हणजे पक्षी उठतात. दुसऱ्यानं उंच बांधावर दुर्बीण लावून ते मोजायचे. आतल्या माणसाला चारी बाजूंना फक्त हिरवं दिसतं, त्यामुळे दिशा बांधावरच्यानं द्यायची. ओरडून नाही, पक्षी बुजतात. शिळेनं. एक शीळ म्हणजे उजवीकडे. दोन म्हणजे डावीकडे. एक लांब शीळ म्हणजे परत फिर. आतल्यानं हात वर करून 'कळलं' सांगायचं.

माझा पुढचा दात अर्धा तुटलाय. माझ्या शिळेच्या शेवटी फुस्स करून हवा निघते. धनेश त्यावरून मला खूप चिडवायचा.

त्या दिवशी आत जायची पाळी माझी होती.

पण मी नवी मोठी दुर्बीण घेतली होती. तिपाईवर लावायची, साठपट मोठं दाखवणारी. मला तिच्यावरून हात काढवेना. धनेशनं ते ओळखलं. "बसा तुमी खेळण्याशी, मीच जातो," म्हणाला आणि गमबूट चढवले. नारिंगी टोपी घातली, वरून दिसावी म्हणून. फोन भिजू नये म्हणून माझ्या पिशवीत टाकला.

बांधावर मोतीबाई बसली होती. खालच्या पाड्यातली, सत्तरीची असेल. पाणकणसाची पात कापून चटया विणतात ती माणसं. तिच्याजवळ काथ्याच्या दोराचं मोठं वेटोळं होतं.

"आत चाललास रं?" तिनं धनेशला विचारलं. "मंग ह्यो बांध कमरेला."

"कशाला आजी? पाणी कमरेच्या वर नाय."

"पान्याचं कोन बोलतो? आमी पात कापाया जातो तवा दोर असतोच. एक मानूस बांधावं दोर धरून बसतो. हितं हाक फिरते. आतल्याला तोंडानं बोलवायचा नाय. दोरानं ओढायचा."

धनेशनं माझ्याकडे पाहिलं.

आणि मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "नको. दोर कणसांना घासत जाईल. पुढचे सगळे पक्षी आधीच उठतील, मोजणी बिघडेल."

मोजणी बिघडेल. हे माझे शब्द आहेत.

मोतीबाई उठली. वेटोळं खांद्याला अडकवून ती पलीकडच्या टोकाला कापणीच्या माणसांकडे निघून गेली. मी माझा फोन तिपाईला अडकवून आवाजाचं रेकॉर्डिंग चालू केलं. पक्ष्यांचे आवाज नंतर ओळखता यावेत म्हणून आम्ही नेहमीच करायचो.

पहिली पंधरा मिनिटं छान गेली. नारिंगी टोपी हळूहळू पुढे सरकत होती. तिच्यापुढे वीसेक पावलांवर पक्षी उठत होते. पाणलावे चौदा. हळदीकुंकू बदकं सहा. मी एक शीळ घातली. टोपी उजवीकडे वळली, हात वर आला.

मग...

सगळं गप्प झालं.

पाणकोंबड्या गप्प, बेडूक गप्प. एवढ्या मोठ्या तलावात मला फक्त माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

धनेशच्या डावीकडे, तीसेक पावलांवर, कणसं हलली.

वारा नव्हता. कणसं एका रेषेत दुभंगत होती. कुणीतरी चालत यावं तशी, धनेशच्या दिशेनं. म्हैस असेल, रानडुक्कर असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि दुर्बीण तिकडे फिरवली.

त्या रेषेच्या मध्ये एका कणसावर ढोकरी बसली होती. ढोकरी म्हणजे तळ्याकाठी पोक काढून बसणारा तपकिरी बगळा. महा घाबरट. माणूस जवळ आला की पांढरे पंख उघडून उडालाच म्हणून समजा. म्हैस आली तरी बाजूला होतो.

कणसं तिच्या खालून दुभंगली. ती बसली होती तो दांडा वाकला, पुन्हा सरळ झाला.

ढोकरी उडाली नाही...

तिनं मानसुद्धा वळवली नाही. तिच्या लेखी तिथून काहीच गेलं नव्हतं.

मी लांब शीळ घातली. परत फिर.

टोपी थांबली. माझ्या दिशेला वळली. हात वर आला. मी सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात... तलावाच्या मधल्या बाजूनं शीळ आली. लांब. आणि शेवटी फुस्स.

माझीच शीळ.

टोपी गोंधळली. मग हळूच त्या बाजूला वळली.

मी पुन्हा शीळ घातली. तिकडून पुन्हा आली, माझ्यापेक्षा मोठी. मग मात्र मी नियम गुंडाळून ठेवला आणि घसा फोडून ओरडलो. "धन्या! मागं फिर! बांधाकडे ये!"

दोन क्षण शांतता.

मग मधल्या बाजूनं माझा आवाज आला. "धन्या! मागं फिर! बांधाकडे ये!"

"आलो भावजी!" धनेश ओरडला. आणि तिकडे चालू लागला. माझ्यापासून लांब.

डोंगरावरून घुमलेला आवाज असेल, असं तुम्ही म्हणाल. पंधरा वर्षं मी त्या बांधावर येतोय. तिथे कधीच काही घुमलेलं नाही.

मला एवढंच सुचलं की मी आवाज दिला की तिकडून आवाज येतो. मग मी आवाजच दिला नाही तर?

मी तोंड बंद केलं.

आणि खरंच, तिकडचा आवाजही थांबला. टोपी जागच्या जागी उभी राहिली. मी दुर्बिणीला डोळा लावला. कणसांच्या फटीतून धनेशचा चेहरा दिसत होता. इतका जवळ, की गालावरचा चिखलाचा शिंतोडा दिसत होता. हात लांब केला तर पुसता येईल असं वाटत होतं. तो इकडे तिकडे बघत होता. वाट बघत होता. त्याचे ओठ हलले.

"भावजी?"

मी गप्प राहिलो.

त्याच्या मागची कणसं दुभंगली.

मी सगळं तिथेच टाकून बांधावरून धावलो. जिथून तो आत शिरला होता तिथून मी आत उडी मारली. दहा पावलांत मांडीपर्यंत रुतलो. चारी बाजूंना हिरवं. कुठे जायचं, काही कळेना. हाक मारायचीही भीती. मी तिथे उभा राहून रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मोतीबाईच्या माणसांनी मला दोर टाकून बाहेर काढलं.

तोवर नारिंगी टोपी कुठेच नव्हती.

तीन दिवस शोध घेतला. पोलीस आले, होड्या आल्या, गळ टाकले. शेवटी पाणी सोडून तलाव अर्धा रिकामा केला. सगळीकडे कमरेइतकंच पाणी उरलं. एक गमबूट सापडला. गाळात सरळ उभा, नुकताच पाय काढून ठेवावा तसा.

बाकी काही नाही. आजपर्यंत नाही.

रेकॉर्डिंगची आठवण मला पाचव्या दिवशी झाली. हर्षला शेजारी बसली होती, ती उठायला तयार नव्हती. दोघांनी मिळून ऐकलं.

माझ्या शिळा होत्या. माझं ओरडणं होतं. धनेशचं लांबून आलेलं "आलो भावजी" होतं.

ती दुसरी शीळ त्यात नव्हती. दुसरा आवाजही नव्हता. फक्त माझा.

मग माझी धावत गेलेली पावलं. मग चार मिनिटं काहीच नाही...

आणि मग धनेशचा आवाज. लांबून नाही. फोनला तोंड लावून बोलावं इतक्या जवळून.

"भावजी... शीळ घाला ना. मला कायच दिसत नाय. भावजी, शीळ घाला ना."

अकरा मिनिटं. तेच वाक्य, न ओरडता. शेवटी तर कुजबुजत. मग पक्ष्यांचे आवाज पुन्हा सुरू होतात.

हर्षलानं मला एकच विचारलं. "तुम्ही शीळ का थांबवलीत?"

मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. विश्वास ठेवला की नाही, माहीत नाही.

वर्ष असंच गेलं. मी दुर्बीण माळ्यावर टाकली. यंदा दसरा झाला आणि हर्षला म्हणाली, मला तिथे घेऊन चला. मी नाही म्हणालो असतो तर ती एकटी गेली असती.

मोतीबाई आम्हाला बघून उठली. हर्षला कोण हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं दोराचं वेटोळं हर्षलाच्या हातात दिलं.

"आत हाय का नाय, मी काय सांगू बाय. दोर टाकून बघ. ओढ लागली तं ओढायचा. मधी सोडायचा नाय."

टोकाला दगड बांधून मी दोर आत भिरकावला. उजाडत होतं. आम्ही बसून राहिलो. साडेसहा वाजून गेले. हर्षलाच्या शेजारी बसून मी मनात म्हणत होतो, काही होऊ नये. काहीच होऊ नये.

पाणकोंबड्या गप्प झाल्या.

दोर हलला...

एक हलका झटका. मग दुसरा. मासा लागल्यासारखा नाही. माणूस 'मी आहे' असं सांगायला हिसका देतो, तसा.

"धन्या!" हर्षला उभी राहिली. "अहो, ओढा! ओढा ना!"

मी दोर धरला. दोघं मिळून ओढू लागलो. पलीकडे वजन होतं. माणसाएवढं वजन. ते येत होतं. कणसं एका रेषेत दुभंगत बांधाकडे येत होती. हर्षला रडत होती, हसत होती, त्याचं नाव घेत होती.

चाळीस पावलं. तीस.

रेषेच्या वाटेत एका कणसावर ढोकरी बसली होती.

मी मनातल्या मनात तिला विनवलं. उड. उड ना गं.

कणसं तिच्या खालून दुभंगली. दांडा वाकला, सरळ झाला.

ती उडाली नाही.

मी दोर सोडला. हर्षला एकटी ओढत राहिली, तिचे पाय बांधावरून घसरायला लागले. मी तिची बोटं एकेक करून दोरावरून सोडवली. ती मला मारत होती, चावली. शेवटी दोर सुटला. घाई न करता, सावकाश, तो सगळा कणसांत सरकत गेला. शेवटचं टोकसुद्धा.

मोतीबाई तोंडावर पदर धरून उभी होती. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही.

याला तीन आठवडे झाले. हर्षलाच्या तळहातांवरचे वळ अजून गेले नाहीत. ती स्वयंपाक करते, डबा देते, माझ्याशी बोलत नाही. परवा एकदाच बोलली. "तो पक्षी तिथं बसला नसता, तर ओढला असतात ना?"

मी म्हणालो, "ढोकरी माणसाला बघून उडते. नेहमी उडते. तो धनेश नव्हता."

तिनं मान हलवली आणि आत गेली.

पण रात्री झोप लागत नाही तेव्हा मला एक गोष्ट आठवत राहते. एखादी ढोकरी धीट असते. माणसाला सरावलेली, पायाशी आलं तरी जागची न हलणारी. मी स्वतः पाहिल्या आहेत. एकदा नाही, दोनतीनदा.

हे मी हर्षलाला सांगितलेलं नाही.