दौलत इको

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या दौलतरावांना कोणी रेडिओवाले म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. रेडिओ दुरुस्त करणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. आता ते इको मशीन बनवत. पत्र्याच्या पेटीत टेपचा जोडलेला तुकडा गोल फिरत राही, माइकमधला आवाज टिपे आणि क्षणभराने परत देई. साधा गळाही गाभाऱ्यात घुमल्यासारखा वाटे. पेटीवर लाल अक्षरांत ‘दौलत’ लिहिलेलं. मुंबईची मशीनं नागपुरात मिळत, पण त्यांचं नाव कोणी काढलं की दौलतराव असे हसत, की बोलणाऱ्यालाच आपलं काही चुकलं असं वाटावं.

गिऱ्हाईक धरायची त्यांची रीत न्यारी होती. तारीफ अजिबात करायची नाही. एका कार्यक्रमाला मशीन लावून द्यायचं आणि मागे जाऊन बसायचं. स्वतःचा घुमणारा आवाज एकदा ऐकला की गाणारा माणूस पेटी सोडत नाही. ऑर्केस्ट्रावाले असेच गळाला लागले होते. घोडं अडलं ते खंजेरी भजनी मंडळांपाशी. ओळ उचलून धरायला आमचे झीलकरी आहेत, पेटी कशाला, असं ते म्हणत. अल्लीपूरच्या नत्थूजींचं मंडळ जिल्ह्यात पहिलं. त्यांनी ‘दौलत’ घेतलं तर बाकीचे आपोआप येतील, नाहीतर हे नाव ऑर्केस्ट्राच्या चार टेबलांवरच राहील, हे दौलतरावांना दिवसरात्र टोचत होतं.

१९८३च्या उन्हाळ्यात एका दुपारी ते पेटी घेऊन अल्लीपूरला पोचले. देवळाच्या सभामंडपात सतरंजीवर मंडळ तालमीला बसलं होतं. झीलकऱ्यांच्या ओळीत एक जागा रिकामी होती आणि तिथे टाळांचा जोड पालथा ठेवलेला. विजेचं बटण जवळ, जमीन सपाट. दौलतरावांनी टाळ उचलून बाजूला सारले आणि मशीन तिथे मांडलं. मंडळी एकमेकांकडे बघू लागली. नव्या वस्तूचा दरारा असतोच, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

नत्थूजी गाऊ लागले. आवाज घुमला, परत आला, म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. दुसऱ्या कडव्याला परत येणारा आवाज जरा चढा लागला. दौलतरावांनी वाकून मोटर पाहिली. वेग ठीक होता. मग नत्थूजी श्वास घ्यायला ओळीच्या मध्ये थांबले, आणि उरलेली अर्धी ओळ पेटीने म्हटली.

टेप कोरी होती. सीलबंद रीळ फोडून त्यांनी ती सकाळीच कापली होती.

भजन संपलं. नत्थूजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“हा बंडूजी हाय,” ते म्हणाले. “शिमग्यात गेला. ही त्याची जागा. वर्षश्राद्धापर्यंत तिथं आमी कोणाले बसू देत नाई.”

आपल्याला यातलं काही कळत नाही, असं दौलतरावांनी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण जिल्ह्यातलं पहिलं मंडळ समोर रडत होतं आणि पेटीवर त्यांचं नाव होतं. माणसाची छाती फुगली की जीभही सुटते.

“दौलत मशीनची हीच तर खासियत हाय,” ते म्हणाले.

मग काय विचारता! अल्लीपूरचं मंडळ स्पर्धा जिंकत सुटलं, आणि मंडळाआधी लोक मशीनचं नाव घेऊ लागले. नवी मशीनं मात्र नुसती घुमत. झील धरणारं द्या, असं गिऱ्हाईक म्हणे, आणि तसलं बनायला वेळ लागतो, असं सांगून दौलतराव वेळ मारून नेत.

फाल्गुनात बंडूजीच्या वर्षश्राद्धाचं त्यांना बोलावणं आलं. त्या दिवशी पेटी फक्त घुमली. नत्थूजींनी दौलतरावांच्या कपाळी गुलाल लावला, हातात नारळ दिला.

“जागा रिकामी झाली. टाळ ज्यानं उचलले, जागा त्याची. आमच्यात असंच हाय.”

दौलतराव हसले. त्यांना सूर असा नव्हताच. आरतीत नुसते ओठ हलवा, अशी त्यांच्या बायकोची, कुसुमबाईची सक्त ताकीद होती. पण मान तो मान. एसटीत सगळ्यांना दिसावा म्हणून त्यांनी गुलाल पुसला नाही. मुकी झालेली पेटी तपासायला म्हणून त्यांनी सोबत घरी आणली.

दुसऱ्याच सकाळी सेलूच्या मंडळाचे किसनराव दारात हजर. त्यांना झील स्वतःच्या कानांनी ऐकायची होती. आज पेटी गप्प राहिली तर उद्या साऱ्या तालुक्यात हसं होणार होतं.

किसनराव गायले. पेटी घुमली, बस.

पुन्हा गायले. पुन्हा तेच.

“लोकं उगाच बोलून राह्यले म्हणा,” म्हणत त्यांनी टोपी उचलली. दौलतरावांनी हात जोडले, आणखी एक ओळ म्हणायची गळ घातली.

किसनराव अर्ध्यात थांबले.

उरलेली ओळ आली. हा आवाज बंडूजीचा नव्हता. जरा खरबरीत, पण सुरात पक्का.

“कोण हाय हा?” किसनरावांनी विचारलं. दौलतरावांना ओळखता येईना.

कुसुमबाई चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

“तुम्ही कधीपासून गाऊन राह्यले?”

दौलतरावांचे ओठ मिटलेले होते. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं. घशातून काहीच निघालं नाही. पेटीतून पुढचं कडवं आलं.

किसनरावांनी टोपी खाली ठेवली. “आमाले हेच मशीन पायजे.”

आवाज खरोखर सुरेख होता. एक सूर इकडचा तिकडे नाही. दौलतरावांनी मान ताठ केली, आणि आवाजाचं बटण आणखी वर फिरवलं.