उपाशी माइक

"माइक मेलाय," दुकानदार म्हणाला आणि मेलेल्या उंदराकडे बघावं तसं त्याने संजनाच्या माइककडे बघितलं. "फेकून द्या. नवीन दाखवतो."

संजनाचं डोकं सणकलं. नाशिकमधला एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा तिने हा जाडजूड माइक तिथून आणला होता. आणि तो कॉम्प्युटरला जोडायची वायर याच माणसाने चार दिवसांपूर्वी तिच्या गळ्यात मारली होती. तेव्हा माइक जिवंत होता, आता मेला? पुण्याच्या एका कंपनीला पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारा आवाज हवा होता. संजनाचा आवाज त्यांना पटला होता, पण मोबाइलवरचे दोन नमुने परत आले होते. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत नीट रेकॉर्डिंग द्या, नाहीतर काम दुसरीला. आज शुक्रवार. नाशिकच्या उपनगर भागातल्या कॉलनीतल्या पोरीच्या आवाजात पुस्तक कोण ऐकणार, असं नातेवाईक म्हणायचे. ऐका नाहीतर कानात बोळे घाला. तिला वाचायचं होतं.

"मेला नाय, उपाशी हाय," बाजूने कुणीतरी म्हणालं.

सोल्डरिंगची तार घ्यायला आलेला एक जण होता. तिशीच्या अलीकडचा, शर्टाच्या बाहीवर भाजल्याचा बारीक डाग. गालावर खळी वगैरे काही नव्हती. खळ्या गोष्टीतल्या पोरांना असतात. हा माणूस समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचा, आणि ते खळीपेक्षा दुर्मीळ. त्याने दुकानदारासमोरच सांगून टाकलं, की असल्या माइकला जागं व्हायला अठ्ठेचाळीस व्होल्ट लागतात, कॉम्प्युटरच्या बारक्या भोकातून ते मिळत नाहीत, मध्ये एक डबा लागतो. तसा डबा त्याच्याकडे पडून होता.

"उद्या आणून देतो, ताई."

दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. संजनाला मात्र त्याच्यापेक्षा तो 'ताई' जास्त खटकला. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

वाल्मीक त्याचं नाव. पिंपळगावला राहायचा, लग्नांना आणि सभांना साउंड लावायचा. शनिवारी दुपारी तीस किलोमीटर मोटारसायकल हाणत तो आला. संजनाच्या आईने, लताबाईंनी, चहा टाकला आणि आडनाव विचारलं. आपल्याकडे चहात साखर नंतर पडते, आडनाव आधी. त्याने सांगितलं. लताबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं... आणि साखर घातली.

संजनाने केबल कोपरावर गुंडाळून ठेवली होती, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. वाल्मीकने ती हळूच तिच्या हातातून घेतली. अशानं आत पीळ बसतो, म्हणाला. बोटं लागली. दोघांनी केबलकडेच बघितलं.

मग माइकपासून डब्यात केबल, डब्यातून कॉम्प्युटरमध्ये यूएसबी. त्याने ४८ लिहिलेलं बटण दाबलं, लाल दिवा लागला. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये डब्याचं नाव निवडलं. संजना बोलली — आणि हेडफोनमध्ये तिचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा आला.

"टोकाशी तोंड न्या," वाल्मीक म्हणाला. "स्टेजवर पुढारी धरतात तसा."

दहा वर्षं त्याने माइक तसाच धरलेला बघितला होता. संजना माइक गिळायची तेवढी बाकी राहिली. नऊ वेळा रेकॉर्ड केलं, नऊही वेळा विहीर. निघताना त्याचे कान लाल झाले होते. उद्या बाराला येतो म्हणाला, काहीतरी शोधूनच येतो.

रविवारी सकाळी संजना रेकॉर्डिंग चालू करून, हेडफोन लावून, माइक उभा ठेवून नुसतीच बसली होती. एवढ्यात स्वयंपाकघरातून लताबाईंनी पोहे खाणार का विचारलं, आणि ते हेडफोनमध्ये असं खणखणीत वाजलं की ती दचकली. तिने माइक निरखला. एका अंगाला बारीक सोनेरी ठिपका होता, आणि तो नेमका स्वयंपाकघराकडे. हा माइक टोकाने ऐकतच नव्हता. बाजूने ऐकत होता!

तिने ठिपका आपल्याकडे वळवला आणि बोलली. अगदी कानाशी बसून कुणी बोलावं तसा, तिचाच आवाज.

नऊ वाजले होते. नमुना अकरापर्यंत झाला असता. इतक्यात वाल्मीकचा फोन आला. जमलं का?

"नाही..." ती म्हणाली. "अजून नाही."

फोन ठेवून तिने माइक पुन्हा कालच्यासारखा आडवा केला. संध्याकाळी सहाची मुदत डोक्यावर, आणि शहाणीसुरती बाई हे करत होती.

बाराला वाल्मीक आला, माइक उभा केला, ठिपका तिच्याकडे वळवला. मिनिटाचंही काम नाही. मग कालच्याशी ताडून बघायला त्याने रेकॉर्डिंगची यादी उघडली. कालची नऊ, आणि खाली दहावं. त्यावर वेळ, आज सकाळी नऊची.

"ते नको—" संजना म्हणाली. पण हेडफोन त्याच्या कानावर होते. तिला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त त्याचा चेहरा दिसत होता. त्याने हेडफोन काढून तिच्या कानांना लावले. आत तिचं आणि आईचं सकाळचं बोलणं वाजत होतं.

"आई, जमलं!"

"मग त्या पोराला कळव. उन्हाचं येऊ नको म्हणावं."

"नाही गं... येऊ दे त्याला. पोहे जास्तीचे भिजव."

संजनाने हेडफोन उतरवले. "खोटं बोलले मी."

"मीबी," वाल्मीक म्हणाला. "काल घरी पोचलो तर दोस्तानं सांगितलं, माइक बाजूनं ऐकतो. एका वाक्याचं काम. सकाळी फोनवर सांगता आलं असतं."

"मग?"

"फोनवर पोहे नाय मिळत."

संजना हसली. मग दार लावलं, पंखा बंद केला. ती वाचत होती तेवढा वेळ तो कोपऱ्यात घामाने निथळत बसला, आवंढासुद्धा जपून गिळत. नमुना सहाच्या आत गेला, बुधवारी कंपनीचा होकारही आला. पण पाठवण्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली.

वाचन संपलं तेव्हा तिने रेकॉर्डिंग थांबवलं नाही. ठिपका त्याच्याकडे वळवला.

"तुमचाही आवाज तपासू या."

हजार माणसांच्या मांडवात बेधडक 'माइक चेक' म्हणणारा गडी सावरून बसला. शर्टाची बाही ओढली, घसा साफ केला.

"संजना..." तो म्हणाला.

मागे ताई लागलं नाही. स्क्रीनवर हिरवी रेघ उसळली आणि हळूच खाली आली.

संजनाने त्या रेघेकडे नीट बघितलं, मग त्याच्याकडे.

"लेव्हल बरोबर आहे," ती म्हणाली. "परत म्हण."